कुंडलच्या मुलांनी किनेसिऑलॉजी शिकायची तर

धोबीपछाड डाव लागतो कसा, हे सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या तालमीतलं आठवी-नववीचं पोरगंही सांगेल. समोरच्याचा हात खांद्यावर ओढून घ्यायचा, गर्रकन पाठ फिरवून आत शिरायचं, आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेऊन घालायची आणि वाकायचं. उचलायला फारशी ताकद लागत नाही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरासा खाली असतो. आपला टेकू त्याच्याही खाली गेला, की नव्वद किलोचा गडी स्वतःच्याच वजनानं पाठीवर येतो. वस्ताद गुरुत्वमध्य हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, ‘अजून खाली शिर.’

वस्तादांचं हे ज्ञान मोजून, तपासून शिकवणारी पदवी अमेरिका-कॅनडात किनेसिऑलॉजी या नावानं मिळते. सांधे आणि स्नायू काम कसं करतात, बल शरीरात कुठून कुठं जातं, मेंदू हालचाल कशी ठरवतो, दमल्यावर आत काय घडतं, दुखापतीनंतर माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हे सगळं एका छपराखाली चार वर्षांत. तिकडंही हे छप्पर फार जुनं नाही. शारीरिक शिक्षणाकडं शिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम म्हणून न बघता स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून बघा, असं बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ मध्ये मांडलं. त्याच दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं या नावाचा विभाग काढला. अमेरिकेत १९८९ नंतर एकेका विद्यापीठानं शारीरिक शिक्षण विभागाची पाटी उतरवून ही नवी पाटी लावली.

भारतात या नावाची पदवी जवळपास नाहीच. विषय मात्र आहे. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात तो भेटतो, बी.पी.एड. आणि एम.पी.एड.ला जीवयांत्रिकीच्या जोडीनं भेटतो, ऑक्युपेशनल थेरपीतही भेटतो. त्यामुळं पलूस तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं ‘मला माणसाच्या हालचालीचं शास्त्र शिकायचंय’ असं म्हटलं, तर तिला आधी हे शास्त्र कुणाच्या घरात राहून शिकायचं, ते ठरवावं लागतं. दवाखान्याचं घर वेगळं, मैदानाचं वेगळं, यंत्रशाळेचं वेगळं. ही घरं आपल्याकडं एकमेकांशी बोलत नाहीत आणि नोकरीची सगळी अडचण तिथूनच सुरू होते, असं माझं मत आहे.

खरं तर ही घरं एकत्र यायला कुंडलच्या परिसराइतकी चांगली जमीन दुसरीकडं क्वचितच असेल. स्वातंत्र्यापूर्वी कुंडल औंध संस्थानात होतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार विखुरलेले तुकडे मिळून ते संस्थान बनलं होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीनं व्यायाम करत. मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून १९०८ पासून ते सूर्यनमस्कारांकडं वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३६ मध्ये ते लंडनला गेले, आणि दोन वर्षांनी लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिथं निघालं. राजानं प्रजेच्या पाठीच्या कण्याची एवढी काळजी केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. याच राजानं १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात कुंडल हे त्याच्या तुफान सेनेचं केंद्र झालं. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड ही माणसं याच गावची, आणि क्रांतिसिंह नाना पाटील तर मुळातच पैलवान गडी. तालीम, शाळेतली कवायत, कारखाना आणि ऊस ही शरीर राबण्याची चारही ठिकाणं गावाला चालत जाण्याच्या अंतरावर होती, अजूनही आहेत.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर हालचालीचा अभ्यास तीन वाटांनी आला. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिथल्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि पुढं मंडळातून शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. ही मैदानाची वाट. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापलं. आसन-प्राणायाम करताना रक्तदाब किती होतो, शरीरात कुठला दाब कसा बदलतो, हे यंत्रं लावून तपासण्याचा खटाटोप त्यांनी केला. ही प्रयोगशाळेची वाट. तिसरी दवाखान्याची. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. पोलिओची साथ येऊन गेल्यावर तिथंच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. कमलाबाई जन्मानं अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. सातारा जिल्ह्यात आज त्यांचं नाव फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेमुळं माहीत आहे. भारतातल्या एका अख्ख्या व्यवसायाची सुरुवात त्यांनी केली, हे मात्र फलटणमध्येही सगळ्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

या तिन्ही वाटा कुठल्याही एका विद्यापीठाच्या एका विभागात मिळाल्या नाहीत. शारीरिक शिक्षण शिक्षणशास्त्राकडं गेलं, थेरपी आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडं गेली, मोजमाप अभियांत्रिकी आणि योगसंस्थांत वाटलं गेलं. म्हणून सोळाव्या वर्षी, अकरावीचा फॉर्म भरतानाच, मुलाला वाट निवडावी लागते.

सगळ्यात पक्की वाट दवाखान्याची, त्यामुळं तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं आणि महाराष्ट्रात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीच्या प्रवेशासाठी नीट द्यावी लागते. नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा चालत आला आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्या आयोगानं २०२५ मध्ये काढलेला नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, त्यात एक वर्ष आंतरवासिता. जवळ शिकायचं तर कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, पण अभिमत विद्यापीठाची फी आणि सरकारी जागेची फी यांत मोठी तफावत असते. घरच्यांनी ती आधी कागदावर मांडून बघावी.

पदवीनंतर राज्य परिषदेकडं नोंदणी होते आणि तिथून या वाटेचा खरा फायदा सुरू होतो. नोंदणी असलेला माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो. सांगली जिल्ह्यात त्याला कामाची वाण नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढल्यापासून कर्नाटकातूनसुद्धा रोगी इकडं येतात. हाडांच्या शस्त्रक्रियांत डॉ. जी. एस. कुलकर्णींनी मिरजेचं नाव देशभर नेलं. गुडघा बदलला, खुबा बदलला, अर्धांगवायू झाला, मोटारसायकलवरून पडला, या प्रत्येकाला नंतर महिनोन्महिने चालवायला, हात हलवायला शिकवणारं कुणीतरी लागतं. तालुक्याच्या गावी घरोघर जाऊन हे काम करणारे तरुण आता दिसतात. सुरुवातीचा पगार मोठ्या रुग्णालयातही फार नसतो. चार-पाच वर्षं टिकून गाव धरलं की घडी बसते. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं असतं आणि त्यात क्रीडा हा वेगळा विभाग घेता येतो. ‘डॉक्टर’ म्हणायचं की नाही, हा वाद मात्र मिटायला तयार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी ती उपाधी लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागंही घेतलं. गावात तर गोळी न देता बरं करणाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात, तेव्हा कुंडलमध्ये या वादाचं कुणाला फारसं पडलेलं नसावं.

मैदानाची वाट कुणालाही खुली आहे आणि तिची अडचणही हीच आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेची पदवी, मग शारीरिक चाचणीसह प्रवेश परीक्षा, दोन वर्षं बी.पी.एड., पुढं दोन वर्षं एम.पी.एड. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्थेत बारावीनंतर सरळ चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था या क्षेत्रातली मोठी, आणि क्रीडा जीवयांत्रिकीत तिथं पदव्युत्तर शिक्षणही मिळतं. महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड.वर नेट किंवा सेट लागते. शाळेत काय? शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तिथं शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितला. तो अर्धवेळ शब्द इतका घट्ट बसलाय की मुलांना हा विषयही अर्धवेळच वाटतो. खेळाच्या तासाला गणित शिकवणाऱ्या शाळा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळा. १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कुस्ती किंवा भारोत्तोलनाचा डिप्लोमा एक वर्षाचा आहे, आणि क्रीडा खात्याच्या, रेल्वेच्या, सेनादलाच्या दारात तोच कागद चालतो. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. तालमीतल्या अनुभवी माणसाला तो उपयोगी पडतो, पण त्यावर नोकरीची भिस्त ठेवू नये.

इथं खाशाबा जाधवांचं उदाहरण आठवतं. गोळेश्वरचा हा पैलवान मातीत तयार झाला, १९४८ मध्ये लंडनला गेला आणि तिथं त्याला गादीवर खेळावं लागलं. माती पाय धरते, गादी पाय सोडते; मातीत कुस्ती निकाली होते, गादीवर घड्याळ आणि गुण चालतात. तरीही सहावा क्रमांक आला. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकानं त्यांना गादीचे नियम आणि हालचाल शिकवली होती. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पृष्ठभाग बदलला की पायाचा ताल, गुरुत्वमध्याची उंची, श्वासाचं गणित बदलतं. खाशाबांना ते एका माणसाकडून शिकायला मिळालं. आज कुंडलच्या महाराष्ट्र कुस्ती मैदानात दरवर्षी हलगीच्या कडकडाटात नामांकित जोड्या लढतात. त्याच पोरांना पुढं गादीवर उतरायचं असतं. पण मातीतून गादीवर येताना गुडघ्यावर किती ताण वाढतो, हे आपल्याकडच्या पैलवानांवर मोजून ठेवायला विद्यापीठातून कुणी आखाड्यात जाताना दिसत नाही. वस्ताद आणि एम.पी.एड.चा विद्यार्थी एका गावात राहून एकमेकांना अनोळखी असतात.

तिसरी वाट, प्रयोगशाळेची, सगळ्यात अरुंद. जमिनीवरचा दाब मोजणारी पट्टी, स्नायूंतली वीज टिपणारी यंत्रं, शरीरावर खुणा लावून हालचाल टिपणारे कॅमेरे अशी साधनं पतियाळा, ग्वाल्हेर, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, कर्नाटकात विजयनगरला जेएसडब्ल्यूची संस्था अशा मोजक्या ठिकाणी आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरण जीवयांत्रिकी, शरीरक्रियाशास्त्र, ताकद-प्रशिक्षण या विषयांचे विश्लेषक कंत्राटावर घेतं. काम उत्तम, पण करार संपला की पुन्हा अर्ज. इंफाळला २०१८ च्या कायद्यानं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आलं आणि बालेवाडीला क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा आपल्या विधिमंडळानं २०२० मध्ये केला. कुणाला गणित-यंत्रांची आवड असेल तर अभियांत्रिकीतून जीवयांत्रिकीकडं किंवा आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागातून अर्गोनॉमिक्सकडं जाणं शहाणपणाचं. तिथं निदान पदवीचं नाव सगळ्यांना कळतं.

या शास्त्राची गरज किती आहे, हे आपल्या भागातल्या खेळाडूंकडं बघितलं तरी पटतं. सांगलीचा संकेत सरगर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णाच्या दारात होता. दुसऱ्या क्लीन अँड जर्कच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. एकूण २४८ किलो, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एका किलोनं रौप्य. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं. लहानपणी सायकलवरून पडून त्याचा एक हात अधू झाला. गोळाफेकीत मोकळा हात फिरकी देतो आणि तोल धरतो. तो हात पूर्ण साथ देत नसेल तर धड आणि पाय तेवढं काम उचलतात. कुठल्या स्नायूनं किती उचललं, हा किनेसिऑलॉजीचा अस्सल प्रश्न. साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी, २०२३ मध्ये, बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली. दिवसाला शेकडो वेळा तेच धनुष्य ताणणाऱ्या खांद्याची देखभाल हासुद्धा रोजच्या मोजमापाचा विषय. अशा प्रत्येक खेळाडूमागं एक फिजिओ, एक ताकद-प्रशिक्षक आणि एक विश्लेषक हवा. लहान गावांत ही तिन्ही कामं बहुतेक वेळा एकटा प्रशिक्षकच निभावतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी ठळकपणे सांगायला हव्यात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००७ च्या कायद्यानं किनेसिऑलॉजिस्ट हा नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय झाला आणि २०१३ पासून तिथं नोंदणी सुरू आहे. सगळ्या प्रांतांत तसं नाही. अमेरिकेत किनेसिऑलॉजीची पदवी घेऊन कुणी फिजिओथेरपी करू शकत नाही. त्यासाठी पुढं तीन वर्षांची डॉक्टरेट लागते, आणि चार वर्षांची ही पदवी बहुतेक जण पायरी म्हणूनच घेतात. लाखो रुपये कर्ज काढून पदवी आणायची आणि इथं नोंदणी मिळणार नाही, हे विमानतळावर कळून उपयोग नाही. आणखी एक. हातानं दाब देऊन ‘स्नायू कमकुवत लागला, म्हणजे अमुक पदार्थ चालत नाही’ असं सांगणारी अप्लाइड किनेसिऑलॉजी नावाची पद्धत १९६४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांनी काढली. तपासण्यांत ती टिकलेली नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र देऊन कुणी ‘किनेसिऑलॉजिस्ट’ करत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

खेळाडू आणि रुग्ण यांच्या पलीकडं एक मोठा वर्ग उरतो आणि माझ्या लेखी खरी गरज तिथंच आहे. सांगली-साताऱ्यात पोलीस भरती, सैन्य भरतीच्या अकादम्या गावोगाव आहेत. पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, भरतीची तारीख जवळ आली की एकदम दुप्पट धावतात आणि नडगीची हाडं धरून बसतात. वनसेवेच्या निवडीत पुरुष उमेदवाराला चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. कुंडलला वनाधिकाऱ्यांची अकादमीच आहे. भार आठवड्याला किती वाढवायचा, हे सांगणारा शिकलेला माणूस या भरती अकादम्यांनी ठेवला तर त्याचा पगार दोन-चार पोरांच्या वाचलेल्या वर्षांतच वसूल होईल. बी.पी.एड. झालेल्या तरुणाला गावातच करता येईल असं हे काम आहे आणि त्याला यंत्रं लागत नाहीत. मोबाइलवर संथ गतीचं चित्रण आणि फुकट मिळणारं किनोव्हियासारखं सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं.

दुसरा वर्ग कारखान्यातला आणि शेतातला. ओतकामाच्या, जुळणीच्या कामात तेच वाकणं, तेच वळणं दिवसाला शेकडो वेळा होतं. बाकाची उंची चार बोटं बदलली तरी कंबर वाचते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं हजार कामगारांच्या वर सुरक्षा अधिकारी नेमायला लावला, म्हणून सुरक्षेचे अभ्यासक्रम निघाले, नोकऱ्या निघाल्या. नव्या कामगार संहितेनंही ते पद ठेवलं. हालचालीच्या तज्ज्ञाचं पद कुठल्याही कायद्यात नाही. फिजिओथेरपिस्टला परिषद आहे, शिक्षकाला शिक्षणहक्क कायदा आहे, सुरक्षा अधिकाऱ्याला कारखाना कायदा होता. पद आधी कागदावर येतं, मग पदवीला किंमत येते. म्हणून आजघडीला कुंडलच्या मुलीला माझा सल्ला विचाराल तर मी सांगेन: गुण असतील तर फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी घे, नोंदणी हातात ठेव आणि मग अर्गोनॉमिक्स किंवा क्रीडा विभागाकडं वळ. मैदानाचीच ओढ असेल तर बी.पी.एड.बरोबर पतियाळाचा डिप्लोमाही कर, एकट्या बी.पी.एड.वर थांबू नकोस.

आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की फडात येणाऱ्या ऊसतोड मजुरांचं काय? कोयता धरून दिवसभर वाकायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. कंबर, मान, गुडघा या तिन्हींवर एवढा भार एका दिवसात टाकणारं दुसरं काम आपल्या भागात नाही. कोयत्याचा दांडा किती लांब असावा, फळीचा चढ किती ठेवावा, मोळी किती किलोची बांधावी, हे प्रश्न फिजिओथेरपीच्या एखाद्या पदव्युत्तर प्रबंधात मावतील एवढेच आहेत आणि त्यांची उत्तरं पुढच्याच हंगामात वापरता येतील. फक्त या मजुराची उचल मुकादम देतो, त्याचं नाव कारखान्याच्या पटावर नसतं. त्यामुळं असा प्रबंध लिहून झाला, तर तो घेऊन कुणाच्या टेबलावर ठेवायचा, हे ठरवण्यापासूनच त्या विद्यार्थ्याला सुरुवात करावी लागेल.